हजेरीपटावर नसलेले शेतकरी : कृषी प्रशिक्षणात लिंगभाव विश्लेषण का हवे?

मृग नक्षत्र जवळ आले की तालुक्यातालुक्यांत शेतकरी मेळावे आणि प्रशिक्षण वर्ग भरू लागतात. सुधारित बियाणे, बीजप्रक्रिया, खतांची मात्रा, यंत्राने लावणी, कीडनियंत्रण असे विषय त्यांत असतात. या वर्गांच्या हजेरीपटावर बहुधा पुरुषांचीच नावे अधिक दिसतात. शेतात मात्र तरवा काढणे, लावणी, बेणणी, मळलेले भात वाळवणे व पाखडणे, पुढच्या हंगामासाठी बियाणे निवडून ठेवणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातून होतात. ज्याला काम करायचे त्याला माहिती नाही आणि ज्याला माहिती मिळाली तो ते काम करीत नाही, अशी ही विसंगती आहे. ती शोधून काढण्याची आणि प्रशिक्षणाची आखणी त्यानुसार बदलण्याची जी पद्धत आहे, तिला ग्रामविकासाच्या परिभाषेत ‘लिंगभाव विश्लेषण’ म्हणतात.

हा शब्द जड वाटतो. त्यामागची कल्पना साधी आहे. लिंग ही निसर्गाने दिलेली ओळख. समाजाने त्या ओळखीवर चढवलेली कामे, हक्क, बंधने आणि अपेक्षा म्हणजे लिंगभाव. नांगर पुरुषाने धरायचा आणि लावणी बाईने करायची, हा निसर्गाचा नियम नाही. ती रूढी आहे, आणि ती गावागणिक, जातीजमातीगणिक, पिकागणिक वेगळी असू शकते. म्हणूनच ‘आमच्याकडे असेच असते’ असे गृहीत धरून चालत नाही. प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारावे लागते.

प्रश्नाची पार्श्वभूमी

भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. त्यातून गावोगावी ग्रामसेवक आले आणि पुढे ग्रामसेविकाही आल्या. कामाची वाटणी मात्र तेव्हाच ठरून गेली. शेतीची माहिती ग्रामसेवकाने शेतकऱ्याला द्यायची. पोषण, बालसंगोपन, शिवण आणि गृहव्यवस्था ग्रामसेविकेने घरातील स्त्रीला शिकवायची. हेतू वाईट नव्हता. पण ‘शेतकरी म्हणजे पुरुष आणि स्त्री म्हणजे गृहिणी’ हे समीकरण विस्तार यंत्रणेत रुजले ते रुजलेच. आजही ‘महिलांसाठी खास कार्यक्रम’ म्हटले की लोणची, पापड आणि मसाले हेच विषय प्रथम आठवतात, याचे मूळ त्या वाटणीत आहे.

१९७० मध्ये डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी स्त्रियांच्या आर्थिक विकासातील भूमिकेवरील ग्रंथात दाखवून दिले, की आफ्रिका आणि आशियाच्या अनेक भागांत शेतीचे मोठे काम स्त्रिया करीत असताना नवे तंत्र आणि नवी साधने पुरुषांच्याच हाती दिली गेली. त्यामुळे स्त्रियांची स्थिती सुधारण्याऐवजी तुलनेने खालावली. या मांडणीनंतर विकास प्रकल्पांकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलू लागली आणि १९८० च्या दशकात विश्लेषणाच्या ठोस चौकटी तयार झाल्या. त्यांपैकी ‘हार्वर्ड चौकट’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत आजही प्रशिक्षकांना सर्वांत सोयीची वाटते.

आपल्या देशात भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९६ मध्ये भुवनेश्वर येथे शेतकरी स्त्रियांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन केले. तीच आजची केंद्रीय कृषिरत महिला संस्था होय. ‘आत्मा’ या नावाने परिचित असलेल्या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांत कार्यक्रमांवरील किमान ३० टक्के साधनसंपत्ती शेतकरी स्त्रिया आणि महिला विस्तार कर्मचाऱ्यांसाठी वापरण्याची तरतूद आहे. धोरणाच्या पातळीवर प्रश्न मान्य झालेला आहे. अडचण आहे ती वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते, कोणाला आणि केव्हा, या पातळीवर.

चार प्रश्न

लिंगभाव विश्लेषणाचा गाभा चार प्रश्नांत सामावतो.

पहिला प्रश्न : कोण काय करते? एका पिकाची बियाण्यापासून बाजारापर्यंतची सर्व कामे क्रमाने लिहायची आणि प्रत्येकापुढे ते काम स्त्री करते, पुरुष करतो, दोघे करतात की मुले करतात, याची नोंद घ्यायची. शेतीबाहेरची कामेही या यादीत हवीत. कारण पाणी, सरपण, स्वयंपाक, गुरे आणि आजाऱ्यांची सेवा यांतून जो वेळ उरतो, तोच प्रशिक्षणाला मिळतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्यांमध्ये स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे त्यासाठी देतात. म्हणजे सुमारे पाच तास विरुद्ध दीड तास.

दुसरा प्रश्न : साधने कोणाच्या पोहोचीत आहेत आणि त्यांवर नियंत्रण कोणाचे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जमीन कसता येणे ही पोहोच. ती गहाण ठेवायची की विकायची, हे ठरवता येणे हे नियंत्रण. दूध काढणे आणि डेअरीवर नेऊन घालणे ही पोहोच. संस्थेच्या सभासद यादीत नाव असणे आणि बिलाची रक्कम स्वतःच्या खात्यात जमा होणे हे नियंत्रण.

तिसरा प्रश्न : लाभ कोणाला मिळतो आणि भार कोणावर पडतो? नव्या वाणाने उत्पन्न वाढले, पण त्याबरोबर बेणणीच्या दोन पाळ्याही वाढल्या, तर वाढीव पैसा एकाच्या हाती आणि वाढीव श्रम दुसऱ्याच्या कमरेवर, असे होऊ शकते.

चौथा प्रश्न : हे असे का आहे? कायदा, रूढी, शिक्षण, बाजारपेठ, वाहतूक, सुरक्षितता यांपैकी कोणत्या कारणाने ही स्थिती टिकून आहे आणि त्यातील काय बदलता येण्याजोगे आहे? हा प्रश्न टाळला, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे केवळ तक्ते होऊन राहतात.

भातशेतीचे एक उदाहरण

गोव्याच्या सरद आणि वायंगण भातशेतीत मजुरांचा तुटवडा ही मोठी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणून लावणी यंत्राचा पुरस्कार केला जातो. या विषयाचे प्रशिक्षण विश्लेषणाशिवाय आखले, तर काय होईल? यंत्र चालवणे, इंधन, देखभाल, अनुदानाचा अर्ज असे विषय असतील आणि समोर पुरुष बसलेले असतील. वरवर पाहता त्यात काही चुकले असे वाटणार नाही.

पण यंत्राच्या लावणीला नेहमीच्या वाफ्यातील तरवा चालत नाही. चाळलेल्या मातीच्या पातळ थरावर किंवा तबकात बी सारख्या प्रमाणात पेरून चटईसारखी रोपे तयार करावी लागतात. ती साधारण पंधरा ते वीस दिवसांची असतानाच लावावी लागतात. बी कुठे दाट, कुठे विरळ पडले, पाणी कमीअधिक झाले किंवा चटई उचलताना फाटली, तर यंत्र ओळीत जागोजागी रिकाम्या जागा सोडते. पुढे त्या हाताने भरून काढाव्या लागतात. ज्या घरांत रोपांची निगा स्त्रिया पाहतात, तेथे यंत्राचे यश चालकाइतकेच त्यांच्या कौशल्यावर अवलंबून असते. चटई रोपवाटिकेचे शिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, तर दोष यंत्राला दिला जातो आणि ते शेडमध्ये जाऊन पडते.

याच उदाहरणाला दुसरी बाजू आहे. लावणीच्या मजुरीवर ज्या स्त्रियांचा पावसाळ्यातील खर्च चालतो, त्यांचे काम यंत्राने जाते. म्हणून यंत्र नको, असा याचा अर्थ नव्हे. मजूर मिळत नाहीत म्हणून शेते पडीक राहिली, तर त्या स्त्रियांनाही काम उरत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाट तयार करणे मात्र प्रशिक्षणातूनच शक्य आहे. स्वयंसहाय्य गटांनी चटई रोपे तयार करून विकणे, यंत्र भाड्याने देणे आणि गटातील तरुणींनी ते चालवायला शिकणे, हे तीन पर्याय पहिल्याच बैठकीत मांडता येतात. कोणाचे काम जाणार आहे, हा प्रश्न विचारलाच नाही, तर हे पर्याय सुचतच नाहीत.

अशी उदाहरणे इतर क्षेत्रांतही आहेत. कीटकनाशक फवारणीच्या सुरक्षिततेचे धडे फवारणाऱ्या पुरुषाला दिले जातात. द्रावणासाठी पाणी आणून देणारी आणि नंतर ते कपडे हाताने धुणारी स्त्री तितकीच विषाच्या संपर्कात येते. तिला कोणी काही सांगत नाही. गाईची कास सुजली आहे, दुधात गुठळी येते आहे, हे दूध काढणाऱ्याच्या हाताला प्रथम कळते. ते काम घरातली बाई करीत असेल आणि कासदाहाची लक्षणे शिकायला तिचा नवरा जात असेल, तर उपचाराला उशीर होणारच. काणकोणच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिची लागवड, तोडणी आणि वाळवण यांत आदिवासी स्त्रियांचा वाटा मोठा आहे. बियाण्याची शुद्धता राखण्याचा कोणताही वर्ग, कोणती फळे बियाण्यासाठी ठेवायची हे वर्षानुवर्षे ठरवणाऱ्या स्त्रियांना समोर बसवल्याखेरीज भरवण्यात अर्थ नाही. तेथे प्रशिक्षकालाही काही शिकायला मिळेल.

जमिनीचा कागद आणि गोव्याचे वेगळेपण

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १३.८७ टक्के होते. दुसरीकडे, २०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणात ग्रामीण भागातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक शेतीत असल्याचे दिसते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे निम्मे आहे. गोव्यात रोजगारातील शेतीचा वाटाच कमी असल्याने हे राष्ट्रीय आकडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण काम आणि मालकी यांतील अंतर कसे असते, याची कल्पना त्यांवरून येते. हे अंतर प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण निवड अनेकदा कागदावरून होते. अनुदान, कृषी कार्ड, पीककर्ज यांसाठी जमिनीचा किंवा ती कसण्याच्या हक्काचा पुरावा लागतो आणि तीच यादी प्रशिक्षणाच्या निमंत्रणासाठी वापरली जाते.

गोव्याची स्थिती येथे वेगळी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या विवाह कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि स्थावर मालमत्ता विकायला दोघांची संमती लागते. ही देशातील इतर राज्यांच्या तुलनेत मोठी जमेची बाजू आहे. पण सामाईक मालकी म्हणजे सामाईक निर्णय असे आपोआप होत नाही. सही दोघांची असते. कोणते पीक घ्यायचे, काजूची बाग कोणाला पावणीने द्यायची, पैसे कशावर खर्चायचे, हे ठरवताना तिचे मत विचारले जाते का, हा वेगळा प्रश्न आहे. शिवाय कोमुनिदादीच्या परंपरेत गावकारपणाचा हक्क पुरुष वारसाकडे जात आला आहे आणि कुळाच्या नोंदीत अनेकदा घरातील कर्त्या पुरुषाचेच नाव असते. त्यामुळे ‘आमच्याकडे समान कायदा आहे, येथे हा प्रश्नच नाही’ असे म्हणणे घाईचे ठरेल.

शेजारच्या महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले होते. त्यानंतरच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन करण्यात आले आणि अनेक गावांनी त्याला प्रतिसाद दिला. राज्यसभेत एम. एस. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये शेतकरी स्त्रियांच्या हक्कांसाठी खासगी विधेयक मांडले. जमिनीची मालकी असो वा नसो, शेती करणाऱ्या स्त्रीला शेतकरी म्हणून प्रमाणपत्र मिळावे, हा त्याचा गाभा होता. ते विधेयक मंजूर न होताच व्यपगत झाले. त्यातील प्रश्न तसाच राहिला.

प्रशिक्षणात हे आणायचे कसे?

लिंगभावावर एक तासाचे व्याख्यान वेळापत्रकात घालणे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. श्रोते ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि पुढच्या तासाला खतांच्या मात्रेचा वर्ग पूर्वीसारखाच चालतो. विश्लेषण हा स्वतंत्र विषय न राहता प्रत्येक विषयाच्या आखणीत मुरायला हवा. त्यासाठी पुढील टप्पे उपयोगी पडतात.

गरज ठरवताना गावात दोन वेगळ्या बैठका घ्याव्यात, एक स्त्रियांची आणि एक पुरुषांची. एकत्र बैठकीत सासरे, दीर किंवा पंच बसलेले असताना अनेक जणी बोलत नाहीत. दोन्ही गटांकडून दिनक्रमाचे घड्याळ आणि हंगामाचे पंचांग काढून घ्यावे. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणत्या वेळी काय काम आणि कोणत्या महिन्यात कामाचा रेटा, हे जमिनीवर खडूने किंवा दगडगोटे मांडूनही दाखवता येते. नंतर दोन्ही गटांची चित्रे शेजारी ठेवली, की चर्चेला वेगळे निमित्त लागत नाही. एकमेकांच्या कामाचा अंदाज दोघांनीही कमी केलेला असतो.

वेळ आणि जागा त्या घड्याळावरून ठरवावी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा कार्यालयाच्या सोयीचा काळ आहे. स्वयंपाक आणि मुलांची शाळा सांभाळणाऱ्या स्त्रीला दुपारचे दोन तास, सलग चार दिवस, गावातल्याच सभागृहात अधिक परवडतात. लहान मुलांना सांभाळायला कोणी असेल, तर उपस्थिती वाढते. तामिळनाडूत १९८६ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने सुरू झालेल्या शेतकरी स्त्रियांच्या प्रशिक्षण प्रकल्पात हाच मार्ग धरला गेला. महिला कृषी पदवीधर गावात जाऊन शिकवीत आणि शिकलेल्या स्त्रिया आपापल्या शेजारणींपर्यंत ते कौशल्य पोहोचवीत.

निमंत्रण घराला द्यावे, खातेदाराला नव्हे. एका घरातून दोघे आले, तर उत्तम. ज्या कामाचे शिक्षण आहे, ते काम करणारी व्यक्ती आलीच पाहिजे, एवढा नियम तरी पाळावा.

आशय आणि साधने तपासावीत. माहितीपत्रकातील चित्रांत शेतकरी नेहमी पुरुषच आहे का? दाखवलेले कोळपे किंवा फवारणी पंप स्त्रियांच्या उंचीला आणि ताकदीला पेलतो का? वाकून बेणण्याऐवजी उभ्याने ढकलायचे अवजार आणले आणि ते इतके जड निघाले की केवळ पुरुषच चालवू शकतात, तर कष्ट वाचतात. पण कामही हातचे जाते.

मूल्यमापन डोकी मोजून थांबू नये. ‘४० पैकी १५ महिला’ हा आकडा अहवालात शोभतो. सहा महिन्यांनी त्या पंधरा जणींपैकी किती जणींनी तंत्र वापरले, न वापरण्याचे कारण काय, कामाचे तास वाढले की घटले आणि मिळालेला पैसा कोणाच्या हाती आला, हे विचारल्यावरच प्रशिक्षणाचे फलित कळते.

आक्षेप आणि सावधगिरी

‘यामुळे घरात भांडणे लागतील’ हा नेहमीचा आक्षेप. विश्लेषणाचा उद्देश पुरुषांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा नाही. कर्जाचा ताण, फवारणीचा धोका, झाडावरून पडण्याचे अपघात हे पुरुषांच्या वाट्याला आलेले भारही याच तक्त्यात दिसतात. दुसरा आक्षेप वेळेचा. दोन बैठका आणि काही तक्ते यांना फार तर दोन-तीन दिवस लागतात. चुकीच्या माणसाला दिलेल्या प्रशिक्षणाचा सगळा खर्चच वाया जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१०-११ च्या अहवालात असा अंदाज मांडला होता, की स्त्रियांना पुरुषांइतकीच साधने मिळाली, तर त्यांच्या शेतांतील उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकते. हा जागतिक अंदाज आहे. तो प्रत्येक गावाला लागू करता येणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

सावधगिरी मात्र हवीच. ‘महिला’ हा एकजिनसी गट नाही. भाटकाराच्या घरातील स्त्री, मुंडकार कुटुंबातील स्त्री, गावडा किंवा वेळीप समाजातील स्त्री आणि लावणीसाठी परराज्यातून आलेली मजूर स्त्री यांच्या गरजा सारख्या नसतात. बैठकीला सहज येऊ शकणाऱ्या चौघींचे म्हणणे साऱ्या गावाचे मानले, तर जुनी चूक नव्या नावाने होते. शिवाय प्रशिक्षणाने स्त्रीच्या पाच तासांच्या घरकामावर आणखी एक जबाबदारी तेवढी चढवू नये. तिला नवे काम शिकवताना घरातील जुने काम कोण उचलणार, हेही त्याच बैठकीत बोलले जायला हवे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय शेतकरी महिला वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अशा वर्षात सत्कार होतात, फलक लागतात, भाषणे होतात. त्यांच्या जोडीने विभागीय कृषी कार्यालये, कृषी विज्ञान केंद्रे आणि पंचायती यांनी एखाद्या तरी पिकासाठी, एखाद्या तरी गावात हे चार प्रश्न विचारून वर्गाची आखणी करून पाहावी. वाचकांपैकी जे स्वतः शेती करतात, त्यांनाही एक गोष्ट करता येईल. पुढच्या प्रशिक्षणाचे निमंत्रण घरी आले, की त्यातील विषय पाहावा, ते काम आपल्या घरात कोण करते हे आठवावे आणि त्या व्यक्तीला वर्गाला पाठवावे.